आईंच्या खोलीतली ओल

४ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोन आईंच्या खोलीत आहे आणि हे त्यांच्या कानावर घालायचं नाही. एरवी चार हाका मारल्या तरी त्यांना ऐकू येत नाही, पण आपल्याबद्दल कुणी कुजबुजलं की भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. तुमच्या आईबद्दल तुम्हाला मी वेगळं काय सांगणार!

विषय असा, की त्यांच्या खोलीच्या लाकडी जमिनीला काहीतरी लागलं आहे. बहुतेक वाळवी असावी. पलंगाजवळच्या दोन-तीन फळ्या पाय ठेवला की दबतात. कपाटावर तांबूस भुकटी साचते. आज पुसली की चार दिवसांनी पुन्हा हजर. आणि एक कुबट वास येतो. खिडकी सताड उघडी ठेवली तरी जात नाही.

तुमचं कामच जुन्या इमारतींची लाकडं तपासायचं, म्हणून विचारते. कुठलं औषध मारू, एवढंच कळवा. मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नका. तुमच्या दादांना मी काही कळवलेलं नाही. बोटीवर इंजिनापाशी उभं राहून ते इथल्या फळ्यांचं काय करणार?

आईंची तब्येत उत्तम आहे. काळजी नसावी.

तुमची वहिनी

•

११ फेब्रुवारी

वहिनी,

औषध आत्ता काहीही मारू नकोस. मला ही वाळवी वाटत नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत चालते, तांबडी भुकटी उडवत नाही. ती भुकटी विटेच्या पुडीसारखी बारीक आणि बोटाला चिकटणारी असेल, तर ते बुरशीचं बी आहे. कुठेतरी नजरेआड ती फुलली आहे.

आमच्यात याला कोरडी कूज म्हणतात. नावावर जाऊ नकोस, हिची सुरुवात ओलीतूनच होते. शेवटी लाकूड सुकून ठिसूळ होतं, म्हणून कोरडी. हिची वाईट खोड अशी, की एकदा जोर धरला की भिंतीच्या आतून दोरे सोडत चांगल्या लाकडापर्यंत पोचते. शेजारच्या खोलीतली चौकट धरली तरी महिनोन् महिने पत्ता लागत नाही.

तू एवढं कर. दबणाऱ्या फळीत चाकूचं टोक खुपसून बघ, किती आत जातं ते. चिरा नुसत्या लांबीच्या दिशेने आहेत की आडव्या-उभ्या, चौकोनी ढेकळं पडल्यासारख्या? भिंतीलगतची पट्टी थोडी उचकट आणि मागे बघ. आणि वास अळंबीसारखा येतो का?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी कुठून येतं ते शोध. नळ गळतो का, छत गळतं का, बाहेरून भिंतीला ओल आहे का? पाण्याशिवाय ही जगत नाही. उगम सापडला नाही तर बाकीचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तुझं घर तर आरशासारखं असतं. तिथे कूज म्हणजे नवलच!

तुझी नणंद

•

१९ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

आईंना अंगणात उन्हाला बसवलं आणि तुम्ही सांगितलं ते सगळं करून बघितलं. चाकू शिळ्या केकमध्ये जावा तसा गेला, थेट मुठीपर्यंत. मला तर धडकीच भरली. चिरा चौकोनी आहेत. एक ढेकूळ हातात आलं, चुरगळलं तर पीठ झालं. पट्टीमागे पांढरा कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी पसरलंय, मधे मधे पिवळट डाग. वास तुम्ही म्हणता तसाच.

नळ त्या खोलीत नाही. छत कोरडं आहे. पाण्याचं म्हणाल तर मी रोज सकाळी ती जमीन धुते. बादलीभर पाण्याने. फटींमधून खाली जात असणार. दुसरं काही कारण असेल असं वाटत नाही. चूक माझीच आहे.

आईंना दुसऱ्या खोलीत चला म्हटलं, तर म्हणतात, “मला माझ्या खोलीतून काढायचा बेत दिसतोय तुझा.” त्यांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे.

आता पुढे काय करायचं तेवढं सांगा.

तुमची वहिनी

•

२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून डोकं तडकलं. ती लाकडी जमीन आहे, धोबीघाट नाही! ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची, एवढं लहान मुलालाही कळतं.

परवा आईला फोन केला तेव्हा सहज विचारलं, तुझ्या खोलीत पाणी सांडतं का गं? तर म्हणाली, “सूनबाई उठल्यासुटल्या बादली घेऊन येते. मला धड झोपूही देत नाही. स्वच्छतेचं भूत बसलंय तिच्या मानगुटीवर.” म्हणजे ती बिचारी रोज त्या ओलीत पाय टाकून उठते आणि तू वर ‘काळजी नसावी’ लिहितेस. दादा घरात नाही म्हणून विचारणारं कुणी नाही, असं समजू नकोस.

तिला आजच्या आज पुढच्या खोलीत हलव. रडली, रुसली तरी हलव. पाणी बंद. एखादा जाणता सुतार बोलावून फळ्या उचलायला सांग. बाहेरच्या अंगाला जमिनीलगत जाळीचे झरोके असायला हवेत. त्यांतून खाली वारा खेळतो. ते मोकळे आहेत का तेही बघायला सांग. सुटी मिळाली की मी येतेच.

माणसाला दाखवायला घर लख्ख ठेवायचं आणि पायाखालचं कुजू द्यायचं, हे मला जमलं नसतं.

तुझी नणंद

•

९ मार्च

ताई,

तार करणार होते. पण तारेत हे कसं लिहायचं ते कळेना.

काल सकाळी आईंचा पाय फळीतून आत गेला. पलंगावरून उतरताना. मी स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकून धावले तर गुडघ्यापर्यंत पाय जमिनीत आणि दोन्ही हातांनी चादर धरलेली. ओरडल्या नाहीत. मला म्हणाल्या, “कुणाला बोलावू नकोस, तूच काढ.” फळीच्या कडेने नडगी सोलवटली आहे आणि घोट्याचं हाड चिरलं आहे. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. आता त्या पुढच्या खोलीत आहेत, माझ्या पलंगावर. हलवायला एवढं व्हावं लागलं.

तुम्ही आजच्या आज हलव म्हणून लिहिलं होतंत. पत्र आल्यावर मी दोनदा सांगून बघितलं, मग गप्प बसले. यावर मी काय बोलू? तुमच्यासमोर उभं राहायचं तोंड नाही मला.

सुतारकाका येऊन गेले. बाहेरचे झरोके रस्त्याची माती चढून कधीच बुजलेत म्हणाले. खाली वारा असा नाहीच. पण डोकं खाजवत हेही म्हणाले, “नुसत्या झरोक्यांनी एवढं होत नाही, बाई. वरून पाणी आलंय. आणि पुष्कळ आलंय.”

तुम्ही या.

वहिनी

•

२२ मार्च

वहिनी,

घरी पोचले. निघताना तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर नको ते बोलले असते. आता शांतपणे लिहिते.

आधी कामाचं. सुतारकाकांना मी बजावून आले आहे, तरी तुझ्यासाठी पुन्हा लिहिते. जिथे शेवटची बुरशी दिसेल तिथून चांगलं दिसणारं लाकूडही हातभर पुढे कापायचं. इथे लोभ करायचा नाही. काढलेलं लाकूड घरातून फिरवत न्यायचं नाही. खिडकीतून बाहेर आणि लगेच जाळायचं. भिंतीचा गिलावा दोरे दिसतात त्याच्याही वरपर्यंत उतरवायचा, विटा तारेच्या ब्रशने घासायच्या, मग बुरशीचं औषध. नवी तुळई औषधात मुरवलेली हवी, आणि तिचं टोक उघडं भिंतीत जाता कामा नये. डांबरी कागद गुंडाळून बसवायचं. झरोके उकरून मोकळे करायचे.

आता तुझं. मी अशा जमिनी उघडण्यातच उमेदीची वर्षं घालवली आहेत. खोली धुतली की पाणी उताराकडे जातं, कडेला साचतं. इथे कडा त्या मानाने कोरड्या होत्या. सगळ्यात काळं लाकूड होतं ते पलंगाच्या कडेला, उतरायच्या बाजूला, आणि तिथून दाराकडे जाणारा एक पट्टा. तू मला सांगितलंस ते खरं नाही. रोज एकाच जागी पाणी ओतलं गेलं आहे.

मला एकच अर्थ लागतो. आईला मागच्या न्हाणीघरापर्यंत धरून न्यायचा तुला कंटाळा. म्हणून पलंगाशेजारीच बसवून तिला अंघोळ घालत होतीस. विचारलं तर खाली मान घालून उभी राहिलीस. ‘नाही’ सुद्धा म्हणाली नाहीस. आई तुझ्यासमोर काही बोलायला धजत नाही, हेही मी बघितलं. माझ्याकडे नुसती बघायची आणि भिंतीकडे तोंड फिरवायची.

दादाला मी सगळं लिहिलं आहे. त्याला कळायला हवं.

तुझी नणंद

•

३० मार्च

ताई,

पत्र पोचलं. तुम्हाला जे वाटतं तेच खरं समजा. कामाच्या सूचना सुतारकाकांना वाचून दाखवल्या आहेत. आईंना पाय टेकायला अजून अवकाश आहे. जेवण ठीक आहे.

वहिनी

•

३ एप्रिल

चिमणे,

माझं अक्षर पार बिघडलंय, लावून लावून वाच. हे पत्र सूनबाईला न सांगता लिहिते आहे. सुतार टपालात टाकेल.

काल तो तिला म्हणत होता, “बाई, पाणी कुठनं येतंय ते कळल्याबिगर मी नवी फळी ठोकायचा नाही. वर्षभराने शिव्या मलाच बसतील.”

ती म्हणाली, “मीच आईंना तिथे अंघोळ घालत होते. न्हाणीघरापर्यंत न्यायचा कंटाळा यायचा. आता नाही घालणार.”

 मग बराच वेळ करवतीचा आवाज आला नाही. परक्या माणसासमोर तिने हे असं सांगितलं आणि मी पलीकडच्या खोलीत पडून ऐकलं. ऐकू येत नाही असं सगळ्यांना वाटतं ते बरं असतं कधी कधी. काल मात्र बरं वाटलं नाही.

अंघोळ मी माझी न्हाणीघरात करते. आजवर कुणाला घालू दिलेली नाही.

मला लघवी आवरत नाही. लिहिलं एकदाचं. गेल्या वर्षापासून असं आहे. पाय खाली टाकला की दारापर्यंत धीर निघत नाही, कधी अंथरुणातच. पहाटे सूनबाई उठायच्या आत मी तांब्याने पाणी ओतून जमीन धुवायची आणि जुन्या टॉवेलने टिपायची. वास राहू नये म्हणून जास्तच ओतायची. फटीतून खाली किती जातं, हा विचारही डोक्यात आला नाही. वास मात्र येतच राहिला, आणि तो माझाच आहे असं वाटून मी आणखी पाणी ओतलं. तो बुरशीचा होता, हे तुझ्या तोंडून कळलं.

एका पहाटे तिने मला गुडघ्यांवर बसून जमीन टिपताना बघितलं. तशीच मागे फिरली. दुसऱ्या दिवसापासून स्वतःच बादली घेऊन यायला लागली. मी तिला शपथ घातली, माझ्या मुलांना हे कळलं तर मी अन्न सोडीन. तू फोनवर पाण्याचं विचारलंस आणि मी घाबरले. घाबरून तिच्याच कागाळ्या केल्या. चोराच्या उलट्या बोंबा! तुझी पत्रं तिने मला दाखवली नाहीत, पण ती वाचून आली की तिचे डोळे दिसायचे ना मला.

मी वॉर्डाची मेट्रन होते, चिमणे. किती बायकांच्या ओल्या चादरी मी बदलल्या आणि प्रत्येकीला म्हटलं, यात लाजायचं काय, आजारच आहे. एक म्हातारी पदरात तोंड लपवून रडायची. मी तिला रागावले होते. उगाच रागावले.

आता तुला कळलं. मला तोंडावर काही विचारू नकोस. पत्रात विचार.

आई

•

९ एप्रिल

वहिनी,

आईचं पत्र आलं. तिने लिहिलंय हे तुला ठाऊक नाही. तिला ते आधी सांगू दे, मग हे वाच. नाही, असू दे. वाच.

त्या दिवशी मी कामावर गेले नाही. कपडे करून दारापर्यंत गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. तुला लिहिलेलं एकेक वाक्य आठवत होतं. ‘तुला कंटाळा’ असं मी लिहिलं. माझ्या आईचं सगळं तू रोज निस्तरत होतीस, आणि मी इथे कोरड्या घरात बसून तुला नावं ठेवत होते. लाज वाटते म्हणणं फार तोकडं आहे. वर्षातून दोनदा यायचं, पलंगावर बसून गप्पा मारायच्या, आणि आई तेवढा वेळ का उठत नाही हे कधी मनातही येऊ नये? लाकडावरचा डाग बघून मी पाण्याचा अंदाज करते. माझ्या आईकडे मी बघितलंच नाही.

माझी पत्रं जाळून टाक, असं लिहिणार होते. मग वाटलं, तेही माझ्याच सोयीचं. तुला हवं ते कर.

दादाला दुसरं पत्र धाडलं आहे. त्यात आईचं काही लिहिलेलं नाही. मी वहिनीबद्दल लिहिलं ते साफ खोटं होतं, मी तिची अपराधी आहे, एवढंच लिहिलं. आधीचं पत्र आधी पोचेल. ते काही आता थांबवता येत नाही.

इथल्या एका डॉक्टरीणबाईंशी बोलले. म्हणाल्या, या वयात हे सर्रास होतं, पुष्कळदा औषधाने आणि थोड्या व्यायामाने आवाक्यात येतं. कुणी सांगतच नाही, हीच अडचण. पलंगाशेजारी बसायची खुर्ची मिळते, खाली भांडं असलेली. आई आधी नाही म्हणेल.

आणि वहिनी, मला ‘नाही’ म्हणायला हवं होतंस गं. एकदा तरी भांडायला हवं होतंस.

सुटी मागितली आहे. या वेळी तपासणीला येत नाही. तू थोडे दिवस माहेरी जाऊन ये, मी आईजवळ राहते. मला जमेल का, ते माहीत नाही. तू शिकव.

तुझी नणंद

•

१८ एप्रिल

ताई,

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही स्वतःला एवढं लावून घेऊ नका, असं लिहायला बसले होते. पण मग मीही चांगुलपणाचा तोच मुखवटा चढवल्यासारखं होईल.

तुम्ही विचारलंत, भांडली का नाहीस. शपथ होती हे खरं, पण तेवढंच खरं नाही. तुमचं एकेक पत्र यायचं, मी ते वाचून घडी घालून ठेवायची आणि मनात म्हणायची, बघा, मी किती सोसते. मला त्यात मोठेपणा वाटत होता. कुणाला न सांगता सोसणारी सून! ‘आजच्या आज हलव’ असं तुम्ही लिहिलंत तेव्हा मी त्यांना दोनदा नुसतं चला म्हटलं; म्हणायला हवं होतं, आई, फळी कुजली आहे, पडाल. शपथ मोडून तुम्हाला खरं कळवलं असतं तर तुम्ही गाडी पकडून आला असतात आणि त्या हलल्या असत्या. मी माझा मोठेपणा धरून बसले आणि त्यांचा पाय आत गेला. फळीबाहेर तो काढताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरून ठेवला होता. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हा अपराधी तुम्ही एकट्याच आहात, असं समजू नका.

तुमच्या दादांचा बंदरावरून फोन आला होता, तुमचं पहिलं पत्र वाचून. खूप बोलले. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, “दुसरं पत्र येतंय, ते वाचून मग बोला.” परवा पुन्हा फोन आला. दुसरं पत्र मिळालं म्हणाले. मग म्हणाले, “जेवलीस का?” एवढ्या लांबून, एवढं महाग बोलणं करून!

काम होत आलं आहे. तुम्ही सांगितलंत तसं खराब लाकूड खिडकीतून काढलं आणि मागच्या अंगणात जाळलं. गिलावा उतरवला तेव्हा भिंतीत करड्या दोऱ्यांचं जाळं होतं, पार दाराच्या चौकटीपर्यंत. सुतारकाकांनी चौकटही काढली, लोभ केला नाही. झरोके उकरल्यावर खालून असा गार वारा आला, की ते म्हणाले, “आता घेतला घराने श्वास.” पाण्याचं मी त्यांना आता खरं काय ते सांगणार होते, पण आईंनी हाताने थांबवलं. वाटलं, झालं, पुन्हा तेच.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. औषध चालू आहे. खुर्चीला आधी नाहीच म्हणाल्या, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत घातला, म्हणजे निदान हात तरी लावला.

आणि काल दुपारची गोष्ट. सुतारकाका शेवटच्या फळ्या बसवत होते, मी खिळ्यांचा डबा धरून उभी होते. पुढच्या खोलीतून आईंची हाक आली. पूर्वी वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला द्यायच्या, तसल्या आवाजात.

“सूनबाई! माझी चादर ओली झाली आहे. दुसरी आण. आणि त्या सुताराला म्हणावं, ओल कुठून आली ते कळलं ना आता? ठोक म्हणावं फळी!”

माझ्या हातातला डबाच पडला. सुतारकाकांनी मान वर केली नाही. खाली बसून माझ्याबरोबर खिळे वेचले आणि म्हणाले, “जा बाई, आधी चादर द्या.”

मी चादर घेऊन गेले. आईंचा चेहरा लालबुंद झाला होता, पण तोंड भिंतीकडे नव्हतं.

तुम्ही या. मी माहेरी जाईन.

वहिनी